मांजर चाटून चाटून अंगावरचे केस घालवते तेव्हा

मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते आणि एरवी ते तिच्या निरोगीपणाचेच लक्षण असते. जिभेवरच्या पोकळ टोकांच्या बारीक काट्यांनी ती लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचवते, सुटलेले केस ओढून काढते आणि उन्हाळ्यात त्याच ओलाव्याने अंगही थंड ठेवते. त्यामुळे चाटणे प्रमाणाबाहेर गेले आहे की नाही, हे घड्याळ लावून ठरवता येत नाही. केस विरळ होऊन कातडी दिसू लागली, किंवा खाणे आणि खेळणे अर्धवट टाकून मांजर चाटायला बसू लागली, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली आहे असे समजावे.

आमच्या मनीचे पोट आणि मांड्यांची आतली बाजू अशीच उघडी पडली होती. कातडी गुलाबी आणि स्वच्छ होती. जखम, पुरळ किंवा खपली यांपैकी काहीच नव्हते. बोट उलट्या दिशेने फिरवले की मात्र तुटलेल्या केसांचे खुंट हाताला लागत. डॉक्टरांनी चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केसाचे टोक निमुळते असेल तर तो आपोआप गळतो आहे आणि तुटके असेल तर मांजर तो चाटून तोडते आहे, एवढा निर्वाळा या साध्या तपासणीतून मिळतो. तिची गरज अशासाठी की पुष्कळ मांजरी माणसांच्या नजरेआड चाटतात. घरातले शपथेवर सांगतात की आम्ही तिला तसे करताना पाहिलेच नाही, आणि उलटीत व विष्ठेत केसांचे पुंजके मात्र सापडत असतात.

आपल्याकडे अशा मांजरीला पाहिल्याबरोबर ‘तिला टेन्शन आले असेल’ असे म्हटले जाते. या निष्कर्षाला माझा आक्षेप आहे, कारण तो काढला की पुढचा तपास थांबतो आणि जनावर खाजेने किंवा वेदनेने हैराण होत राहते. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 21 मांजरींचे केस मानसिक कारणानेच गेले असावेत असा सुरुवातीचा कयास होता. सविस्तर तपासणीनंतर 16 मांजरींमध्ये खाजेचे शारीरिक कारण सापडले, तिघींमध्ये शरीर आणि मन अशी दोन्ही कारणे निघाली आणि निव्वळ मानसिक कारण उरले ते फक्त दोघींमध्ये. हा गट लहान होता हे खरे, पण तपासाचा क्रम कसा असावा हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

त्या क्रमात पहिला मान पिसवांचा. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मांजरीला मोजके चावेही पुरतात, आणि चाटता चाटता ती पिसवा गिळून टाकत असल्याने अंगावर एकही दिसत नाही. म्हणून बारीक दातांच्या फणीने कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केस विंचरावेत आणि फणीत येणारे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते. आमच्या कागदावर तो डाग पसरला. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मांजरीलाही पिसवा होतात, कारण जिन्यातल्या भटक्या जनावरांकडून किंवा आपल्या कपड्यांवरून त्या आत येतात. त्यांची अंडी, अळ्या आणि कोश मांजरीच्या अंगावर नसून सतरंजीत, गादीच्या शिवणीत आणि सोफ्याच्या फटीत असतात. साहजिकच घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी औषध द्यावे लागते, अंथरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात आणि हा क्रम काही महिने चालवावा लागतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. कुत्र्यांसाठी असलेले, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक घातलेले पिसवांचे औषध मांजरीला कधीही लावू नये. त्याने तिला झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. कापूर, टी ट्री तेल यांसारखे घरगुती उपायही टाळावेत, कारण मांजरीच्या अंगाला लावलेले सारे काही अखेर तिच्या पोटात जाते.

पिसवांचा बंदोबस्त करूनही खाज राहिली तर अन्नाकडे पाहावे. मांजरींना ज्या अन्नाची ॲलर्जी आढळते त्यांत मासे, चिकन आणि गोमांस पुढे आहेत, आणि आपल्याकडच्या कितीतरी मांजरी मासे-भातावरच वाढतात. याची खातरजमा रक्ताच्या चाचणीने होत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेले, मांजरीने पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनांचे अन्न सुमारे आठ आठवडे द्यावे लागते आणि त्या काळात ताटातला माशाचा एक तुकडाही चालत नाही. नायट्याची तपासणीही करून घ्यावी, कारण तो माणसांना लागतो. फक्त पोटाचा खालचा भाग चाटला जात असेल तर मूत्राशयाचे दुखणे असू शकते, आणि वयस्कर मांजर एकाच सांध्यावर चाटत असेल तर संधिवात. बोका लघवीला बसून कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

हे सगळे तपासल्यावर मनाचा विचार करावा आणि तो मनापासून करावा. इमारतीच्या रंगकामासाठी आमच्या खिडकीबाहेर परांची बांधली होती आणि मनीच्या नेहमीच्या जागेसमोर दिवसभर अनोळखी माणसे वावरत होती. तिची जागा आतल्या खोलीत उंच कपाटावर हलवली, लपायला खोका दिला, जेवणाच्या आणि खेळण्याच्या वेळा ठरवून पाळल्या. एकाहून अधिक मांजरी असतील तर प्रत्येकीला वेगळे भांडे आणि मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त लिटर बॉक्स असावा. चाटताना ओरडू नये. त्याने भीती तेवढी वाढते. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर जखम भरेपर्यंत उपयोगी पडते, पण ती काढली की मूळ कारण तिथेच असते.

एवढ्यानेही भागले नाही तर डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखे, माणसांना नैराश्यावर दिले जाणारे औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ते आपल्या मनाने अचानक बंद करायचे नसते. दर पंधरवड्याला त्याच प्रकाशात, त्याच कोनातून पोटाचा फोटो काढून ठेवावा. केसांची वाढ रोजच्या पाहण्यात लक्षात येत नाही, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवताना त्या फोटोंचा फार उपयोग होतो.