शार्कची भीती नाही वाटत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सिडनीत आल्यावर मला भाल्याने मासे मारायचा नाद लागला, तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत, ऑफिसात, रत्नागिरीच्या मावशीच्या फोनवर हा एकच प्रश्न ठरलेला. वाटते हो भीती. पण माझ्या यादीत शार्क बराच खाली आहे. वर जे आहे त्याबद्दल कोणीच विचारत नाही, म्हणून आधी शार्क उरकून टाकतो.

इथे शार्क आहेत आणि मोठेही आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत लिटल बेमध्ये पांढऱ्या शार्कने पोहणाऱ्या एका माणसाचा जीव घेतला. सिडनीत १९६३ नंतर असं पहिल्यांदाच घडलं होतं. पण आम्हाला पाण्यात भेटतात ते बहुतेक वॉबेगाँग जातीचे शार्क. तळाला अंथरलेल्या गालिच्यासारखे पडून असतात, डिवचलं तर चावतात. क्वचित कधी ग्रे नर्स शार्क दिसतो. तोंड मिटलं तरी त्याचे दात बाहेर डोकावतात, त्यामुळे चेहरा भयंकर; पण स्वतःहून कोणाच्या वाटेला जात नाही. त्या चेहऱ्यापायीच बिचारा मेला. १९५० आणि ६० च्या दशकांत भालेवाल्यांनी टोकाला स्फोटकं लावून 'नरभक्षक' म्हणून ग्रे नर्स मारले. शेवटी १९८४ मध्ये न्यू साउथ वेल्सने कायद्याने ही शिकार बंद केली. शार्कच्या एखाद्या जातीला असं संरक्षण मिळण्याची जगातली ती पहिलीच वेळ. शेलहार्बरजवळ बास पॉइंटला त्यांचा मुक्काम असतो, तिकडे आम्ही भाला घेऊन फिरकत नाही. शार्कलाही मावशी असती तर तिने काय विचारलं असतं, कोण जाणे.

बाकी काळजी साधीच. मारलेला मासा कमरेला लटकवत नाही, लांब दोरीने मागे तरंगणाऱ्या बोयाला बांधतो. बोयावर निळा-पांढरा झेंडा असतो, खाली माणूस आहे हे बोटवाल्यांना कळावं म्हणून. रविवारी बिअर ढोसून स्पीडबोट हाकणाऱ्यांची मला शार्कपेक्षा जास्त धास्ती आहे.

आता खरी भीती. इथे सिलिंडर लावून भाला चालवायला बंदी आहे, म्हणजे एका दमात खाली जायचं आणि त्याच दमात वर यायचं. दम कोंडला की जीव कासावीस होतो, तो प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे; ऑक्सिजन किती उरलाय हे शरीर धड सांगत नाही. नवखा माणूस उतरण्याआधी भराभरा मोठे श्वास घेतो. त्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कासाविशी लांबते आणि गड्याला वाटतं, आपला दम वाढला. ऑक्सिजन जवळपास होता तेवढाच. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, त्यामुळे उरलासुरला ऑक्सिजनही खाली पुरतो. वर येताना दाब उतरत जातो आणि शेवटच्या काही मीटरांत, डोक्यावर उजेड दिसत असताना, शुद्ध जाते. आरडाओरडा नाही, हातपाय झाडणं नाही. कधी कधी तर डोकं बाहेर काढून श्वास घेतल्यावरही माणूस गपकन खाली जातो.

म्हणून आमच्यात एक खाली, तर एक वर. वरच्याने मासे बघायचे नाहीत, मित्राला बघायचं. तो वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर. खाली जायला कमरेच्या पट्ट्यात वजनाचं शिसं बांधतो, तेही इतकंच, की वर आल्यावर श्वास सोडला तरी माणूस तरंगला पाहिजे.

मार्चमधला एक शनिवार सांगतो. आम्ही तिघं: मी, विहिरीत पोहायला शिकलेला नगरचा मित्र आणि आमचा ग्रीक शेजारी. कायॅमाच्या अलीकडचे खडक, पश्चिमेचा वारा, त्यामुळे लाटा दबलेल्या. आमची बंदूक म्हणजे रबराच्या ताणाने भाला सोडणारी; ती पाण्यात गेल्यावरच भरायची. दस्ता छातीला टेकवायचा, दोन्ही हातांनी रबर खेचून भाल्याच्या खाचेत बसवायचं. थंड पाण्यात बोटं बधिर झाली की यातच निम्मी ताकद जाते.

नगरकर नऊएक मीटरवर जाऊन खडकाला धरून पडून राहिला. इथल्या किंगफिशला (आपली सुरमई नव्हे) कुतूहल फार, पडून राहिलेल्या माणसाला बघायला तो आपण होऊन येतो. दोन आले, लहान होते. इथे ६५ सेंटीमीटरच्या आतला मारता येत नाही, आणि मास्कमधून सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं, म्हणून 'बहुतेक बसेल मापात' असा मासा सोडायचाच असतो. मग तिसरा आला. चांगला दांडगा, वरून मलाही दिसला. आणखी एक वळसा घेतला असता तर अगदी टप्प्यात होता. आणि आमचा गडी भाला न सोडता वर निघाला. वर येऊन तीन श्वास घेतले, बोटांनी 'ओके' केलं आणि म्हणाला, "पोटात उचकी आली पहिली. निघालो." एवढंच. कार्बन डायऑक्साइड साचला की पोट आपोआप आचके देतं, तीच ही उचकी. ही अक्कल ज्याच्याकडे आहे त्याच्याबरोबर मी कुठल्याही पाण्यात उतरेन. मासा बघून ज्याला उचकी विसरायला होते, त्याला आम्ही पुन्हा बोलवत नाही, मग तो कितीही नेमबाज असो.

तासाभराने शेजाऱ्याला एक मिळाला. भाला लागल्याबरोबर दोरी सरसर गेली, बोया तिरका झाला. मासा हातात आल्यावर त्याने डोळ्यामागून मेंदूत सुरी घातली, कल्ले कापले. हे लगेच करावं लागतं. मासा तडफडत नाही आणि मांसही चांगलं राहतं. निळा ग्रोपर नावाचा एक मासा सगळा वेळ आमच्या मागे मागे होता. त्याला मारायला बंदी आहे आणि ते त्याला ठाऊक असल्यासारखाच तो वागतो. डोक्याचं कालवण माझ्याकडे झालं, तुकड्या शेजाऱ्याने लिंबू आणि ओरेगानो लावून निखाऱ्यावर टाकल्या. मला विचाराल तर कालवण सरस होतं.

कोणाला यायचं असेल तर बंदूक माझी वापरा, विकत घ्यायची घाई नको. आधी फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे एका दमात बुडी मारायचा, कोर्स करा, बेशुद्ध माणसाला पाण्यातून वर कसं आणायचं ते शिकवतात तो. आणि मासेमारीची सरकारी फी भरून पावती जवळ ठेवा, अधिकारी खडकावर येऊन विचारतात.