आमची वाटचाल : बंद घरांवरची नजर

आमचं दुकान मूळचं इन्व्हर्टर-बॅटरीचं. चिपळूणच्या आसपासच्या वाड्यांत लाइट जायची, म्हणून धंदा चालायचा. कॅमेऱ्यांकडे आम्हाला गिऱ्हाइकांनीच वळवलं. इथली कितीतरी घरं शिमगा, मे महिना नि गणपती सोडले तर बंद, माणसं मुंबईला. इन्व्हर्टर बसवताना हटकून विचारायची, “फोनवर घर दिसेल असं काही लावता का?”

सुरुवातीला डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, चित्र आणि वीज वेगवेगळ्या तारांनी नेणारी थ्री-प्लस-वन केबल आणि तिच्या टोकाला बीएनसी पिना. इथल्या दमट हवेत त्या पिना हिरव्या पडायच्या आणि चित्राला लाटा यायच्या. आता शक्यतो नेटवर्कची कॅट-सिक्स केबल आणि तिच्यातूनच वीज देणारा पीओई स्विच वापरतो. एकाच वायरीतून वीज आणि चित्र, तेही १०० मीटरपर्यंत. म्हणजे घरापासून गोठ्यापर्यंत आरामात. वायफाय कॅमेरा स्वस्त खरा, पण जांभ्याच्या जाड भिंतींपुढे त्याची रेंज टिकत नाही.

“चार कॅमेऱ्यांचा सेट केवढ्याला?” हा ठरलेला प्रश्न. आम्ही आधी घर बघून येतो. सगळ्यांना कॅमेरा पडवीवर हवा असतो, आणि न्हाणीकडचं मागचं दार कुणाच्या लक्षातच नसतं. २.८ मिमी लेन्सने अख्खं खळं (पुढचं अंगण) दिसतं, पण बेड्यापाशी, म्हणजे फाटकाशी उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. तिथे ६ मिमी लागते. कधी कधी दोनच कॅमेरे पुरतात, तर दोनच लावतो. शेजाऱ्याचं अंगण मात्र चौकटीत येऊ देत नाही. भाऊबंदकीत बांधाचे वाद काय कमी आहेत?

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट चित्रणावर ठेवला तर दिवसाला साधारण २१ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची हार्ड डिस्क अकरा-बारा दिवस पुरते, मग जुनं पुसलं जातं. गणपतीला गेलेला माणूस शिमग्याला येऊन रेकॉर्डिंग मागणार असेल तर काय मिळणार? म्हणून फोनवर अलर्ट हवाच. तोही फक्त माणूस दिसल्यावरचा. नाहीतर रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि मुंबईतला मालक जाळं हललं की दचकून उठतो. जाळं झाडायला शेजारच्या काकूंनाच सांगून ठेवावं लागतं, त्याला ॲप नाही.

२०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. आमच्याकडे पासवर्ड गिऱ्हाईक स्वतः टाकतं, आम्ही तोंड फिरवून उभे राहतो. ९ एप्रिल २०२५ पासून सरकारने कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली. ‘जुना माल स्वस्तात घ्या’ म्हणणारे तेव्हापासून दुकानात येतात; त्यांना चहा देतो, ऑर्डर देत नाही.

मे महिन्यात नवीन काम शक्यतो घेत नाही. मालक गावाला आलेले असतात, पाऊस तोंडावर असतो, आणि आधी बसवलेल्या कामांचं अर्थिंग तपासायचं ते तेव्हाच.