४-३-३ बसवताना घोडं अडलं ते सहा नंबरवर

अंबड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांची आमची नाशिकच्या सिडकोतली फुटबॉल टीम. तिला ४-४-२ मधून ४-३-३ मध्ये आणायचं मी ठरवलं आणि ते जमवलं. गोलकीपर सोडून दहा जण, मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन, एवढं सगळ्यांना लगेच कळलं. विंगर रेषेला धरून खेळायला लागले. स्ट्रायकरला पुढे एकट्याने खेळणं आवडतच होतं.

अडलं ते सहा नंबरवर. मधल्या तिघांत सर्वांत मागे, दोन सेंटर बॅकच्या, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणाऱ्या दोघांच्या, पुढ्यात राहणारा हा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. मधले बाकीचे दोघे, आठ आणि दहा नंबर, बॉल घेऊन वर जातात, बचावात दोन्ही कडांना खेळणारे फुलबॅकही चढतात आणि नेमका तेव्हा बॉल गेला की मागे उरतात दोन सेंटर बॅक आणि हा एकटा. हा जागेवर नसला की गोल बसलाच. आणि दर वेळी बोलणी खायचा सेंटर बॅक! याची चीड मला अजून येते. गोल होताना जो जवळ दिसतो त्याच्यावर सगळे तुटून पडतात. ज्याची जागा रिकामी होती तो समोरच्या गोलपाशी असतो, त्याला कुणी विचारत नाही.

त्या जागेवर कुणी टिकेना. सगळ्यांनी सुचवलेला पोरगा टॅकलला जबरदस्त, पण प्रत्येक बॉलमागे धावायचा. दुसरा समजूतदार होता, त्याला नाइट शिफ्ट लागली. तिसरा म्हणाला, "दादा, इथे खेळून आपण कुणाला दिसतच नाही." त्याला मी फ्रान्सचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर क्लॉड मॅकेलेले दाखवला. २००४-०५ मध्ये चेल्सीने प्रीमियर लीग जिंकली ती ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाऊन, आणि त्यांच्या ४-३-३ मध्ये बचावापुढची जागा त्याची होती. पोरगा तयार झाला.

मग त्याला तीन गोष्टी पक्क्या करून दिल्या. पास यायच्या आधी खांद्यावरून मागे बघून घ्यायचं. डावा फुलबॅक वर गेला की डावीकडे सरकायचं, आणि तेव्हा उजव्या फुलबॅकने मागेच थांबायचं. तू पुढे निघालास तर आठ नंबर तुझ्या जागी येईल. ही तिसरी गोष्ट आठ नंबरच्या गळी उतरवायला सर्वांत जास्त वेळ गेला.

सराव अर्ध्या मैदानात करू नका. रविवारी क्रिकेटवाल्यांच्या पिचांमधून जी पट्टी वाट्याला येते तिच्यात सहा नंबर दोन्ही बाजू आरामात सांभाळतो. सामन्याचं पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असलं की तोच पोरगा धापा टाकतो. म्हणून आम्ही उजाडायच्या आत मैदान गाठायचो. डिसेंबरात नाशिकची पहाट कशी असते ते इथल्यांना सांगायला नको, तरी पोरं आली. मला त्यांचा फार अभिमान आहे.

एक राहिलंच. बॉल आपल्याकडे नसताना विंगर खाली येतात आणि ४-३-३ चं ४-५-१ होतं. विंगर आळशी असेल तर सहा नंबर कितीही चांगला असून उपयोग नाही.

जुनी मंडळी म्हणाली, बॅक तो बॅक, त्याला मिडफिल्डला कशाला आणता? त्यांना मी जर्नेल सिंग यांची आठवण करून दिली. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला जखम झालेल्या या सेंटर बॅकला पुढे खेळवलं. फायनलमध्ये दक्षिण कोरियाला आपण २-१ ने हरवलं, त्यातला एक गोल जर्नेल यांचा. आमचा आताचा सहा नंबरही आधी सेंटर बॅकच होता.

तो शिफ्टमुळे येणार नसेल तर मी ४-३-३ चा हट्ट धरत नाही. सरळ ४-२-३-१ लावतो, म्हणजे बचावापुढे दोघे राहतात. फक्त हे सामन्याच्या सकाळी ठरवू नका. आदल्या आठवड्यातच सगळ्यांच्या शिफ्टा विचारून घ्या.