तुम्ही विचारलेत म्हणून: सहा, तीन आणि काहीच नाही

"सर, एअर फोर्सचे मेडिकल काढायची काही युक्ती असेल तर सांगा ना." हा प्रश्न मला दर वर्षी जून ते दिवाळी या काळात निदान पंधरा वेळा विचारला जातो. विचारणारे कधी माझेच बारावीचे विद्यार्थी असतात, कधी त्यांचे पालक, तर कधी सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या, पुतण्याच्या वतीने चौकशी करणाऱ्या काकू. मी मुलुंडला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. 2012 साली मैसूरच्या निवड मंडळाने उड्डाण शाखेसाठी माझी शिफारस केली होती आणि मेडिकलला मी बाहेर पडलो, हे दोन्ही सर्वांना ठाऊक आहे. तरीही प्रश्न मलाच येतो. बुडालेल्याला पाण्याची खोली विचारावी, तसा काहीसा हा हिशेब असावा. आजवर मी "पाणी भरपूर प्या, झोप नीट घ्या" असे सांगून वेळ मारून नेली. या वेळी नीट उत्तर देतो, म्हणजे पुन्हा द्यावे लागणार नाही.

जे उघडपणे सांगण्यासारखे आहे ते आधी सांगून टाकतो. कानातला मळ जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडून काढून घ्या. दात दाखवून किडलेले भरून घ्या, कारण दातांचे किमान 14 गुण लागतात. पायांची लांबी 99 ते 120 सेंटीमीटर, मांडीची जास्तीत जास्त 64, बसल्या उंची 81.5 ते 96, ही मापे घरीच टेप लावून पाहा. मांडी त्याहून लांब असेल तर संकटात विमानातून आसनासकट बाहेर फेकले जाताना गुडघे समोर आपटण्याचा धोका असतो आणि त्यावर कोणताही व्यायाम नाही. पाठीच्या कण्याचे एक्स-रे काढतात तेही त्याच आसनापायी, कारण ते सुटते त्या क्षणी कण्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. वीस वर्षे पूर्ण होण्याआधी केलेली डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया चालत नाही आणि नंतर केली तरी मध्ये बारा महिने जावे लागतात. तेव्हा एनडीएला बसणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाचा नंबर घाईघाईने घालवून आणू नका.

पण तुम्हाला हे विचारायचे नसते. इतके ऐकून झाले की तुमचा आवाज थोडा खाली येतो आणि तुम्ही विचारता, "आणि रंगांचं काही करता येतं का हो?"

माझे वडील मध्य रेल्वेत मोटरमन होते. आम्ही कुर्ल्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत असू. रेल्वेत मोटरमनच्या डोळ्यांची तपासणी ठरावीक वर्षांनी होते आणि त्यात रंगांचीही परीक्षा असते. ती देऊन आले की बाबा त्या संध्याकाळी जरा ऐटीत चहा पीत. मला ते पुलावर नेऊन लांबचे सिग्नल ओळखायला लावत आणि मी सगळे बरोबर ओळखत असे. लाल सर्वांत खाली असतो, दोन पिवळे एकदम लागतात, हे मला चौथ्या वर्षापासून पाठ होते. दिव्याची जागा कळली की त्याचा रंग कळलाच, असे मला वाटायचे. सगळी माणसे अशीच ओळखत असणार, यात शंका घेण्यासारखे काही नव्हते. मे महिन्यात आई अढीतले पिकलेले आंबे निवडायला मला बसवी, तेव्हा मी प्रत्येक आंबा नाकाशी धरून, देठाजवळ अंगठ्याने दाबून पाही. तिला वाटे, पोरगा किती चोखंदळ आहे.

परीक्षेचा अर्ज भरला त्या सुमारास माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना नेत्ररोगावरचे एक पुस्तक हाती लागले. त्यात शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांच्या, 1917 साली प्रसिद्ध झालेल्या ठिपक्यांच्या चित्रांपैकी एक छापलेले होते. खाली लिहिले होते की सर्वसामान्य दृष्टीच्या माणसाला इथे 29 दिसतात आणि लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला 70. मला 70 दिसत होते, अगदी स्वच्छ. छपाई बिघडली असेल, असे म्हणून मी पुस्तक खाली ठेवले आणि त्याच आठवड्यात ओळखीच्या एका चष्मेवाल्याकडून 38 पानांचे मूळ पुस्तक मागून घरी आणले.

ते मी पाच आठवड्यांत पाठ केले. हे काम वाटते तितके सोपे नाही, हे युक्ती विचारणाऱ्यांनी जरूर ऐकावे. मला त्या पुस्तकात तीन निरनिराळ्या पानांवर पाच दिसतात. त्यांपैकी एका पानावर सहा म्हणायचे असते, दुसऱ्यावर तीन, आणि तिसऱ्यावर "काहीच दिसत नाही" असे सांगायचे असते, कारण त्या पानावरचा आकडा फक्त आमच्यासारख्यांनाच दिसतो. पाने विस्कटून दाखवतील हे गृहीत धरून मी क्रमावर विसंबलो नाही. प्रत्येक चित्राच्या कडेचे ठिपके, एखादा मोठा ठिपका कुठे बसला आहे, अशा खुणा धरून मी उत्तरे पक्की केली. इतका अभ्यास मी पदवीला केला असता तर वर्गात पहिला आलो असतो.

मैसूरचे पाच दिवस आटोपले. पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट, जी आयुष्यात एकदाच देता येत असे, तीही निघाली. कॉन्फरन्सनंतर माझा चेस्ट नंबर पुकारला गेला आणि आम्हा निवडलेल्यांना मेडिकलसाठी बंगळूरला पाठवण्यात आले. तिथे मोजमापे, रक्त, कान, ईसीजी, एक्स-रे सगळे सुरळीत पार पडले. चौथ्या दिवशी डोळे होते.

नेत्रतज्ज्ञ विंग कमांडर हुद्द्याचे होते, पन्नाशीच्या आसपासचे, हिंदीत अगदी हळू बोलणारे. त्यांनी पुस्तक उघडले आणि मी सुरू केले: बारा, आठ, एकोणतीस, सत्तावन्न. ते पाने मागेपुढे करत होते; मी अडखळलो नाही. जिथे मला 45 ठळक दिसत होते तिथे मी किंचित डोळे बारीक करून "काही नाही, सर" म्हणालो. तेवढा अभिनयही मी आरशासमोर बसवला होता. मग त्यांनी पुस्तक मिटले, पुन्हा उघडले आणि एक पान माझ्यासमोर धरले. मला पाच दिसले, थोडे विचित्र वळणाचे. डाव्या कडेची खूण शोधायला गेलो तर ती उजवीकडे सापडली. त्याकडे मी दुर्लक्ष केले. हे सहाचे पान आहे हे नक्की होते, म्हणून मी म्हणालो, "सहा."

ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मला तर नऊ दिसतात."

त्यांनी पुस्तक उलटे धरले होते. ज्याला तो आकडा खरोखर दिसतो त्याने नऊ म्हटले असते, किंवा निदान "सर, पुस्तक उलटे आहे" असे तरी. मी त्या पानाचे पाठ केलेले उत्तर दिले होते. त्यांचा आवाज चढला नाही. "तयारी चांगली आहे," इतकेच ते म्हणाले आणि मला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले.

तिथे मार्टिन लँटर्न होता. सहा मीटरवर, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून, दोन-दोन दिवे एका वेळी: लाल, हिरवा किंवा पांढरा, कोणत्याही जोडीने. वर कोणता, खाली कोणता असा नेम नाही, कडेला ठिपके नाहीत, खूण नाही. लाल मला ओळखता येत होता. हिरवा आणि पांढरा मात्र एकच होते, एखाद्या लांबच्या चाळीत लागलेल्या दोन बल्बांसारखे. मी आधी उजेडाच्या तीव्रतेवरून अंदाज केला. मग डॉक्टर आवाजात काही सुचवतात का ते ऐकू लागलो. मग नुसतेच "हिरवा, पांढरा, पांढरा, हिरवा" असे म्हणत राहिलो. अंधारात खटक्याचा आवाज येत राहिला. किती जोड्या झाल्या ते मला आठवत नाही, परंतु शेवटी शेवटी मी उत्तर देण्याआधीच त्यांचे पेन कागदावर चालू लागले होते हे आठवते.

दिवा लावल्यावर त्यांनी विचारले, "वडील काय करतात?"

"मुंबईत मोटरमन आहेत, सर."

"मग हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही."

उड्डाण शाखेला रंगदृष्टीची सर्वांत कडक पायरी, म्हणजे सीपी-1, लागते. माझ्या कागदावर ती आली नाही. उड्डाणासाठी कायमचे अनफिट. पुस्तकाचा प्रकार त्यांनी कागदावर घातला नाही आणि तो उपकार मानावा की नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

घरी आल्यावर बाबांना पटेना. "माझे डोळे आहेत त्याला," हे ते चार वर्षे यार्डात सांगत फिरले होते. मग मीच, पदवीधराच्या उत्साहाने, कागदावर आकृती काढून समजावले की हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते आणि म्हणून बापाचे डोळे कितीही चांगले असले तरी त्यांचा इथे उपयोग नसतो. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणे थांबवले आणि विचारले, "म्हणजे माझ्याकडून?" आणि मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "दादाने गॅलरीला चॉकलेटी म्हणून बाटलीसारखा हिरवा रंग लावून घेतला होता." मामाच्या त्या गॅलरीवरून आम्ही सारे कितीतरी वर्षे हसत आलो होतो. त्या रात्रीनंतर आमच्या घरी ती गोष्ट कुणी काढली नाही.

बाबा अपील मेडिकल बोर्डासाठी मागे लागले. मी अपील केले नाही. घरी मात्र "मुदत निघून गेली" असे सांगितले. हे मी आज प्रथमच लिहितो आहे. बाबा आता नाहीत, म्हणून लिहिता येते.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. लेन्स, रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांत घालायचे थेंब, यांपैकी कशानेही जन्मतःचा हा दोष जात नाही. 2009 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जनुकोपचाराने दोन नर माकडांना लाल-हिरवा भेद ओळखायला लावले खरे, परंतु तुमचा मुलगा माकड नाही आणि भरती पुढल्या वर्षी आहे. मोबाइलच्या पडद्यावर घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका. पडद्याचे रंग पडद्याचे असतात.

राहिला प्रश्न पाठांतराचा, आणि त्याबाबत माझे बावीस वर्षांच्या त्या मुलाशी अजून भांडण आहे. तो म्हणतो, कान साफ करणे चालते, दात भरणे चालते, वजन उतरवणे चालते, मग हेच काय वेगळे? मी म्हणतो, दात भरला की तो भरलेला असतो. पुस्तक पाठ केल्याने डोळा बदलत नाही. तो म्हणतो, मी सिग्नल कधी चुकलो होतो का? मी म्हणतो, सिग्नलची जागा ठरलेली असते. रात्री समोरून येणाऱ्या विमानाच्या डाव्या पंखाचा दिवा लाल असतो आणि उजव्याचा हिरवा, आणि ते कोणत्या दिशेने चालले आहे हे त्या दोन रंगांवरूनच कळते. मग तो गप्प बसेल असे मला वाटते, पण बसत नाही. ब्रिटनमध्ये नागरी विमानचालनासाठी 2009 पासून संगणकावरची एक चाचणी आहे, तीत दोषाचे नेमके प्रमाण मोजतात आणि सौम्य दोषाच्या काही जणांना उडू देतात, हे तो मला ऐकवतो. मी सौम्यात बसलो असतो की नाही, कुणास ठाऊक. मी कधी मोजून घेतले नाही.

जुलै 2002 मध्ये अमेरिकेत टॅलहासी येथे एक मालवाहू बोइंग 727 पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर उतरले. धावपट्टीशेजारच्या चार दिव्यांपैकी दोन पांढरे व दोन लाल दिसले की विमानाची उतरण बरोबर, चारही लाल दिसले की ते फार खाली आलेले असते. तिघेही वैमानिक वाचले. तपासात थकवा आणि कार्यपद्धतीतील चुका यांच्या बरोबरीने सहवैमानिकाच्या रंगदृष्टीतील दोषही कारणांत नोंदवला गेला. हे वाचले तेव्हा मला आधी सुटल्यासारखे वाटले आणि लगेच, खोटे कशाला बोलू, हेवा वाटला. तो माणूस कितीतरी वर्षे उडत होता.

गेल्या महिन्यात बारावीचा एक मुलगा वर्ग सुटल्यावर थांबला. एनडीएचा लेखी निकाल हाती होता. पिशवीतून त्याने तेच पुस्तक काढले, नव्या आवृत्तीचे, आणि म्हणाला, "सर, जरा विचारता का? म्हणजे माझं मला कळेल." मी पाने विस्कटून दाखवत गेलो आणि तो धडाधड सांगत गेला. सगळी उत्तरे माझ्या पाठ केलेल्या उत्तरांशी जुळली. त्याला दिसत होते की त्याचेही पाठ होते, हे मला कळायला मार्ग नव्हता, कारण मला तिथे अजूनही पाचच दिसतात. सहाचे पान आले तेव्हा पुस्तक हातात फिरवावे असे माझ्या मनात आले. त्याने "सहा" म्हटले, आणि मी पुढचे पान काढले.