पडद्याच्या मागची जागा

सोलापूरचा गणेशोत्सव म्हटलं की बाहेरगावची माणसं लेझीमबद्दल विचारतात, आणि ते बरोबरच आहे. विसर्जनाच्या दिवशी एकेका तालमीची पोरं रांगा धरून लेझीम खेळायला लागली की अंगावर काटा येतो. शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती 1885 पासूनचा, म्हणजे टिळकांनी 1893 साली पुण्यात उत्सव सुरू केला त्याच्याही आधीचा, हे आम्ही सोलापूरकर पाहुण्यांना हमखास सांगतो. माझ्या मनातले ते दहा दिवस मात्र मिरवणुकीचे नाहीत. ते पूर्व भागातल्या आमच्या गल्लीच्या मंडळाचे आहेत. लाईटच्या दोन खांबांमध्ये ताणून बांधलेला पांढरा पडदा आणि त्याच्या मागच्या बाजूला दाराच्या पायरीवर बसलेली माझी आई, हा माझा गणपती.

आई बिड्या वळायची. सोलापुरात हजारो बायकांच्या मांडीवर सूप असतं, तशी तीही त्यातली एक. आदल्या संध्याकाळी पानं धुऊन ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याच्या मापाने कातरायची आणि मग दिवसभर तेच: पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोऱ्याचे दोन वेढे, नखाने तोंड मुडपणं. उजव्या अंगठ्याचं नख तिने मुद्दाम वाढवलेलं असायचं. हजार बिड्यांवर मजुरी. त्यातून कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची छाट निघायची ती वेगळी. मी शाळेतून आले की पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायला बसायची. बाबा मिलमध्ये, बहुतेक रातपाळीला. त्यामुळे त्यांची झोप दिवसा आणि आईचा डबा रात्री. या घड्याळात टॉकीजचा तीन तासांचा खेळ बसायचा कुठे? भागवतला, प्रभातला नवीन पिक्चर लागला की त्याची जाहिरात रिक्षावरच्या कर्ण्यातून आमच्या दारावरून जायची. आई हात न थांबवता ऐकायची. सुपावर मान घातलेलीच असायची, पण कोणत्या पिक्चरमध्ये कोण आहे हे तिला सगळं ठाऊक असे.

म्हणून मंडळाचा पिक्चर. सिनेमा आपल्याकडे येत असेल तर बाईला घर सोडावं लागत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. पण ती तेव्हा मंडळातल्या पोरांनी केली, आणि त्यांचे उपकार मला आजही मोठे वाटतात.

दहा दिवसांत दोन-तीन रात्री पिक्चर असायचा. वर्गणी चांगली जमली तर आणखी एखादा. त्या दिवशी आईचा सकाळपासूनचा वेग पाहण्यासारखा असे. "आज हजार पुरे झाल्याबिगर उठायचं न्हाई," असं ती स्वतःलाच म्हणायची. दुपारचं जेवण सुपाशेजारीच व्हायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दिवेलागणीला शेवटचा कट्टा बांधून झाला की ती सूप भिंतीला उभं करून ठेवायची, हात खसाखसा धुवायची आणि केसांना तेल लावायची. तंबाखूचा वास जायचा नाहीच, पण तेलाचा वास त्याच्यावर यायचा. सणाच्या दिवशीसुद्धा मी आईला इतकी निवांत पाहिलेली नाही. सणाला बाईला दुप्पट काम असतं.

पडदा आमच्या गल्लीतल्याच शिंप्याने शिवलेला होता. कापडाच्या गावात कापडाला काय तोटा! मांजरपाटाचे दोन पन्ने एकमेकांना जोडलेले, त्यामुळे बरोबर मधोमध उभी शिवण. हिरॉईन जवळून दाखवली की ती शिवण तिच्या नाकावरून जायची. मशीनवाला संध्याकाळी रिक्षातून पत्र्याच्या पेट्या घेऊन यायचा. 16 मिलिमीटरचं मशीन, एका मोठ्या रिळात साधारण पाऊण तास. एकच मशीन असल्यामुळे रीळ संपलं की पडदा पांढरा व्हायचा, दिवे लागायचे आणि मंडळाचा सेक्रेटरी माईक हातात घ्यायचा. "रीळ बदलायचं काम चालू आहे, कुणीही जागा सोडू नये." मग वर्गणीची नावं. अकरा रुपये, एकवीस रुपये. कुणाचं पोर हरवलं असलं तर त्याच्या सदऱ्याचा रंग. आईला हा वेळही आवडायचा, कारण तेवढ्यात बायकांचं बोलून व्हायचं. पुढच्या रिळात काय होणार यावर पायरी-पायरीवर तावातावाने चर्चा झडायच्या.

बायका पडद्याच्या मागे का, तर पुढच्या बाजूला मांडव, मशीन, खुर्च्यांवरचे पाहुणे आणि पुरुष. मागच्या बाजूला घरांची दारं. कुणाच्या चुलीवर दूध, कुणाचं पोर पाळण्यात, कुणाच्या नवऱ्याचा डबा भरायचा. पायरीवरून उठून दोन मिनिटांत परत येता यायचं. कापड पातळ असल्याने चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. हिरो डाव्या हाताने पिस्तूल चालवायचा. सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. सुरुवातीची नावं उलटी यायची आणि आम्ही पोरं ती वाचायची शर्यत लावायचो. आईला अक्षरओळख नव्हती, तिला नावं सुलटी काय नि उलटी काय. पण साडी कोणत्या पद्धतीने नेसलीय, काठ केवढा आहे, हे तिला त्या उलट्या चित्रातही दिसायचं. "हे सूत आपल्याकडचं न्हाई," असं म्हणून ती पुढं बघायला लागायची.

मला एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते, ती म्हणजे तिचे हात. पहिलं रीळ चालू असताना ते मांडीवर नुसते पडलेले नसायचेच. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहायचं, पान वळल्यासारखं. मी तिच्याकडे टेकून बसलेली असायची, त्यामुळे मला ते कळायचं. दुसऱ्या रिळाच्या सुमारास कधीतरी ते थांबायचं. मग तिचा हात माझ्या पाठीवर यायचा आणि पिक्चर संपेपर्यंत तिथेच राहायचा. इतका वेळ आईचा हात रिकामा, आणि तो माझ्या वाट्याला, हे वर्षातून त्या दोन-तीन रात्रीच.

एका वर्षी मंडळाने तेलुगू पौराणिक पिक्चर आणला. पूर्व भागात पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरं जास्त, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो इथलाच. आमच्या शेजारच्या अक्कांचा हट्ट होता की एक तरी आमच्या भाषेतला लावा. लावला. त्या रात्री गर्दी एवढी की लोक कौलांवर चढले. आईला तेलुगू बाजारापुरतं यायचं. अक्का मधूनमधून सांगायला वळल्या की आई म्हणायची, "राहू द्या वो अक्का, कळायलंय मला." आणि खरंच कळत होतं. देव रागावला की ती हात जोडायची, आईपासून पोर तुटलं की पदर डोळ्याला. शेवटी शेवटी अक्का रडत होत्या आणि आई त्यांना समजावत होती, मराठीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात बिड्या द्यायला जाताना दोघी त्याच पिक्चरवर बोलत गेल्या, एक तेलुगूत आणि एक मराठीत. असं सोलापुरातच होतं, असं मी म्हणते. सोलापूरबाहेर राहिले तेव्हा मला ते फार जाणवलं.

गणपतीचे दिवस म्हणजे पाऊस आलाच. मशीनवर छत्री धरायला एक पोरगा नेमलेला असायचा. पुढचे लोक पोत्याचा घोंगता करून बसून राहायचे. मागे आम्हाला पत्र्याची पडवी होती, पण पत्र्यावरच्या आवाजात संवाद ऐकू यायचे नाहीत. मग ज्यांनी आधी तो पिक्चर पाहिलेला असे त्या बायका मोठ्याने सांगायच्या. आई मधेच त्यात स्वतःच्या मनाचंही घालायची, हे मला पुढे तोच पिक्चर टीव्हीवर पाहिल्यावर कळलं. तिचा शेवट जास्त चांगला होता.

मला नोकरी लागल्यावर मी तिला टॉकीजला नेलं. बाल्कनीची तिकिटं काढली, मध्यंतराला समोसा. ती अंग चोरून बसली. बोलायचं नाही, उठायचं नाही, शेजारी कोण ते माहीत नाही. चांगलं होतं म्हणाली, पण परत चल म्हणाली नाही.

मंडळाचे पिक्चर हळूहळू बंद झाले. आधी व्हिडिओ आला. रंगीत टीव्ही टेबलावर ठेवला की तो मागून दिसत नाही, त्यामुळे बायकांची पायऱ्यांवरची जागाच गेली. मिली एकेक करून बंद पडल्या, वर्गणीचे अकरा रुपयेही जड झाले. पुढे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री 10 नंतर कर्णे बंद केले. आजारी माणसांचा आणि अभ्यास करणाऱ्या पोरांचा विचार केला तर तो नियम मला योग्यच वाटतो. मग 2006 मध्ये कुंभारीला गोदुताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना 10,000 घरं मिळाली, आणि आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणी स्वतःच्या नावावरच्या घरात राहायला गेल्या. आनंदाची गोष्ट होती. अक्काही गेल्या. आई त्यांना सोडायला शेवटच्या वस्तूपर्यंत टेम्पोपाशी उभी होती.

आता मंडळात माझा भाचा आहे. गेल्या वर्षी पोरांनी आरतीसाठी छोटा प्रोजेक्टर आणला होता, तो मी पाहून ठेवलाय. यंदाच्या बैठकीला मी जाणार आहे आणि एक रात्र मागून घेणार आहे. सात वाजता सुरू करायचं म्हणजे दहाच्या आत आटपतं. पडदा कापडाचाच बांधायचा, पातळ, दोन्ही बाजूंनी दिसेल असा. कुंभारीहून बायकांना आणायला टेम्पोची सोय मंडळाने करावी, पैसे मी देईन. आईला विचारलं, कोणता लावायचा? ती म्हणाली, "अक्काला इचार. तिचा लाव."