पान्हा चोरणारी गाय

गोठ्यात उपचारासाठी गेलो की हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, ही पान्हा का चोरते?" म्हणजे कासेत दूध असून धारेला सोडत का नाही. तुम्हीही तोच विचारलात म्हणून लिहितो, पण 'चोरते' म्हणून आपण तिच्यावर नसता आळ घेतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कासेतल्या दुधापैकी साधारण पाचवा हिस्साच सडांच्या वरच्या पोकळीत उतरलेला असतो आणि तेवढा पिळल्याबरोबर येतो. उरलेले दूध कासेतल्या बारीक पिशव्यांत असते. वासराची ढुशी, कास धुणारा ओळखीचा हात, पेंडीच्या पाटीचा आवाज यांनी मेंदूखालच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटते, मिनिटभरात कासेपर्यंत पोचते, पिशव्या आवळल्या जातात आणि सड भरून येतात. हा जोर जेमतेम पाच-सात मिनिटे टिकतो. गाय घाबरली, की ॲड्रेनालिन हे भीतीचे संप्रेरक आडवे येते आणि पिशव्यांतले दूध तिथेच राहते. म्हशीच्या पोकळीत तर याहूनही कमी दूध असते, त्यामुळे ती बिथरली तर भांड्याचा तळ झाकत नाही. जनावराला कसला आलाय ताण, असे म्हणणाऱ्यांना मी कासच दाखवतो.

गेल्या उन्हाळ्यात लोणी गावच्या जनावरांच्या बाजारातून आणलेल्या एका संकरित गायीसाठी बोलावणे आले. एका वेळेला सात लिटर सांगितलेली गाय दीड लिटरवर अडली होती आणि व्यापाऱ्याने फसवले, असे मालक धरूनच चालले होते. मला मात्र तो दीडचा आकडाच बोलका वाटला, सातचा साधारण पाचवा हिस्सा. ताप नव्हता, दगडीचे (कास सुजण्याच्या रोगाचे) लक्षण नव्हते, पण सकाळची धार काढूनही कास भरलेलीच होती. म्हणून संध्याकाळच्या धारेपर्यंत थांबलो. (मालकीणबाईंनी दोनदा चहा दिला.) गड्याने धार काढायच्या यंत्राचा पंप सुरू करताच तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागला, शेपूट मांड्यांत गेले, रवंथ थांबला, पातळ शेण पडले. पंप तिच्या मागे दोन हातांवर होता, आणि ती तर आजवर हाताने पिळलेली. वर गड्याचा आरडाओरडा.

मालकांना ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन हवे होते. मी नाही म्हटले, कारण रोजच्या सुईची सवय लागली की सुईवाचून ती पान्हावत नाही, आणि भीती जिथल्या तिथे राहते. पंप भिंतीपलीकडे नेला आणि काही दिवस मालकीणबाईंनी हाताने धार काढायची, असे ठरले. आठव्या दिवशी मालकांचा फोन आला, सहा लिटर. गड्याला मात्र धारेच्या वेळी अजून बाहेरच बसवतो, म्हणाले.