भिंतीच्या जाडीत लपवलेला कोन

सोमवार, रात्री. कैरो

पाय दुखताहेत, पण आजचं आजच उतरवलेलं बरं. भाचीनं बेत आखताना पिरॅमिड पहिल्याच दिवशी ठेवले होते, मी हट्टानं पुढे ढकलले. इथे येणारे बहुतेक जण पिरॅमिड आणि वस्तुसंग्रहालय उरकून लक्सरची वाट धरतात. मला आधी जुनं शहर हवं होतं.

जुनं म्हणजे फातिमी खलिफांनी 969 साली वसवलेलं. त्याचा कणा म्हणजे अल-मुइझ रस्ता. उत्तरेला बाब अल-फुतूह, दक्षिणेला बाब झुवैला (बाब म्हणजे वेस), मध्ये साधारण किलोमीटरभर अंतर. चालायचं म्हटलं तर वीस मिनिटं. आमची सकाळची दुपार झाली तरी अर्धा रस्तासुद्धा झाला नव्हता.

उत्तरेच्या वेशीतून आत आल्या आल्या डाव्या हाताला अल-हाकिम मशीद. 1013 साली पुरी झाली. नंतर तिचे बरेच हाल झाले: क्रुसेडमधले कैदी इथे ठेवले, घोडे बांधले, नेपोलियनच्या फौजेनं कोठार केलं. 1980च्या सुमारास दाऊदी बोहरा समाजानं तिचा जीर्णोद्धार केला. त्यामुळे आज अंगणात रंगीत रिदा घातलेल्या बायका, टोपीवाली मुलं आणि चक्क गुजराती कानावर! एका आजीबाईंनी आमच्याकडे बघून थेट विचारलं, "मुंबई से?" भाचीनं पुणे म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला. पांढऱ्या संगमरवरी फरशीचा चकचकाट मला जास्तच वाटला. अभ्यासकांचीही तीच तक्रार आहे. पण पडझडीपेक्षा चकचकाट परवडला.

खरी मेजवानी पुढे होती. अल-अक्मर, 1125 सालची. आकारानं लहान, घाईत असलेला माणूस न बघता पुढे जाईल. नक्षीदार दगडी दर्शनी भाग असलेली कैरोतली ही पहिली मशीद म्हणतात. वर शिंपल्यासारख्या पन्हळी पडलेली कमान आणि तिच्या मधोमध जाळीदार चक्र. मी ते बघत होतो खरा, पण आत गेल्यावर काहीतरी खटकलं. आयुष्य नकाशे काढण्यात गेलं, काटकोन चुकला की डोळ्याला टोचतो. बाहेरची भिंत रस्त्याला समांतर, आतला चौक मात्र वळलेला. भाचीला म्हटलं, "दारापाशी उभी राहा आणि दोन्ही बाजूंची भिंत किती जाड आहे ते बघ." ती बघून आली. "मामा, ही पाचरीसारखी आहे की! एका बाजूला जाड होत गेलीय."

हाच तो डाव. नमाज मक्केच्या दिशेनं, म्हणून आतला चौक किबल्याला (म्हणजे त्या दिशेला) धरून. रस्ता मात्र आधीपासून होता, तो आपल्या मर्जीनं जाणारा. इमारत तिरकी बसवून रस्त्याला पाठ दाखवायची नाही आणि किबलाही सोडायचा नाही. मग दोघांमधला फरक भिंतीच्या जाडीत जिरवायचा, आणि त्या पाचरीतच जिने, लहान खोल्या बसवायच्या. बाहेरून बघणाऱ्याला रस्ता सरळ दिसतो, आत नमाज पढणाऱ्याला मक्का. कोन कुणालाच दिसत नाही. एकदा हे कळल्यावर दिवसभर आम्ही दुसरं काही बघितलंच नाही. जी खिडकी दिसेल तिचा कोनाडा एका बाजूला किती खोल, दुसऱ्या बाजूला किती, हेच चाललेलं.

जवळच्या दर्ब अल-अस्फर गल्लीत बैत अल-सुहैमी हा वाडा आहे, मूळ 1648चा. इथे मक्केऐवजी वारा. कैरोत वारा उत्तरेकडून येतो, म्हणून गच्चीवरच्या वातायनाचं (मल्कफ म्हणतात) तोंड उत्तरेला. पुढचा फरसबंद चौक आणि मागची बाग यांच्यामध्ये एक मोकळी बैठक ठेवलीय. दोन्हीकडच्या तापमानातल्या फरकामुळे तिच्यातून झुळूक वाहत राहते. बाहेर रणरण असताना आम्ही तिथल्या बाकावर चांगला अर्धा तास बसलो. जाळीदार सज्जे बघून भाची म्हणाली, "फोटोत हे नुसतं नक्षीकाम वाटतं." बरोबर आहे. ऊन गाळणं, वारा आत घेणं आणि आतल्या बायकांना बाहेरचं दिसू देणं, ही तिन्ही कामं फोटोत कुठून येणार?

सुलतान कलाऊनच्या इमारतींबद्दल (1284-85) खूप लिहिता येईल, पण डोळे मिटताहेत. एवढंच, की थडग्याच्या दालनात रंगीत काचांमधून येणारा उजेड बघायला तिकीट वसूल होतं. शिवाय त्याच सुलताननं बांधलेल्या फुकट रुग्णालयाच्या जागेवर आजही डोळ्यांचं इस्पितळ चालू आहे. शेजारी त्याच्या मुलाच्या मदरशाला चक्क गॉथिक दार आहे, 1291 साली अक्का शहर जिंकल्यावर तिथल्या चर्चचं उचलून आणलेलं.

मंगळवार

बाब झुवैला, 1092. वेशीच्या बुरुजांवर दोन मिनार उभे आहेत, ते मात्र वेशीचे नव्हेत. शेजारच्या मुअय्यद मशिदीचे. सुलतान होण्याआधी मुअय्यद शेख याच जागेवरच्या तुरुंगात पडला होता. उवा-पिसवांनी हैराण होऊन त्यानं नवस बोलला की सुटलो तर इथे मशीद बांधीन. नवस फेडला, पण मशिदीचं भव्य पितळी दार आणि झुंबर आणलं कुठून? सुलतान हसनच्या मशिदीतून. दुसऱ्याच्या दारानं नवस फेडायचा, वा!

वर चढलो. जिना अंधारा आणि अरुंद, गुडघेदुखी असेल त्यांनी खालीच ताक प्यावं. (ताक मिळत नाही, उसाचा रस मिळतो.)

दुपारी सुलतान हसन. हिच्याबद्दल काय लिहू? 1356 ते 1363. त्याआधी 1348ला प्लेगनं शहर रिकामं केलं होतं, आणि बेवारस मालमत्ता खजिन्यात आल्यामुळे पैसा होता. दरवाजा 38 मीटर उंच, आणि तोही भिंतीला तिरका, किल्ल्याकडून येणाऱ्याला लांबूनच दिसावा म्हणून. आत शिरलं की एकदम चौक येत नाही. आधी अंधारं घुमटाकार दालन, मग वळण, मग बोळ, पुन्हा वळण. आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या गोमुखी दरवाजासारखं, फक्त इथे शत्रूला अडवायचं नसून रस्त्याचा गोंगाट आणि कोन, दोन्ही वाटेत सोडवायचे. बोळ संपतो आणि समोर उन्हानं भरलेला चौक, चार बाजूंना चार प्रचंड कमानी. सुन्नी पंथाच्या चार विचारशाखांसाठी चार मदरसे कोपऱ्यांत बसवलेले. भाची बराच वेळ काही बोलली नाही, आणि ती गप्प बसणारी मुलगी नव्हे.

मला मात्र सगळ्यांत आवडलं ते दरवाजाचं अपुरं काम. काही चिऱ्यांवर नक्षीच्या नुसत्या रेषा आखलेल्या आहेत, छिन्नी लागलेलीच नाही. आखणारा काय विचार करत होता ते साडेसहाशे वर्षांनी वाचता येतं. काम का थांबलं तेही इतिहासात आहे. चार मिनार करायचे होते, 1361 साली दारावरचा एक कोसळला, सुमारे तीनशे माणसं गेली. काही आठवड्यांतच सुलतानाचाही खून झाला. त्याचं प्रेत सापडलं नाही. मागच्या घुमटाखाली त्याच्यासाठी केलेल्या थडग्यात तो नाहीच.

आणि गंमत म्हणजे भिंती इतक्या भक्कम की पुढे बंडखोर मिनारांवर चढून समोरच्या किल्ल्यावर मारा करू लागले. शेवटी सुलतान बर्कूकनं वर जाणारे जिनेच तोडायला लावले.

बुधवार

गिझा. पिरॅमिड बघितले. बाजू उत्तरेला इतक्या काटेकोर लावलेल्या की माझ्यासारख्याला लाज वाटावी. नव्या भव्य संग्रहालयाच्या भिंतींच्या रेषाही पिरॅमिडांना धरून ओढलेल्या आहेत. गर्दी अफाट. उंटवाल्यांशी भाचीनं घासाघीस केली, त्यात ती जिंकली असं तिचं म्हणणं आहे.

गुरुवार

इब्न तुलून मशीद, 876 ते 879. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा एकही तिरकी भिंत सापडली नाही, कारण अहमद इब्न तुलूननं स्वतःचं नवं शहर वसवलं होतं. जागा मोकळी, आड येणारा रस्ता नाही. सगळं विटांचं, वर गिलावा, आणि भोवती बाजाराचा आवाज आत येऊ नये म्हणून आणखी एक रिकामं आवार. बाहेरून गोल जिना असलेला मिनार त्यानं लहानपणीच्या इराकमधल्या समर्रा शहराच्या आठवणीनं बांधला, असं मानतात. भाचीचं मत: हीच सगळ्यांत सुंदर. माझं मत: हीच सगळ्यांत शांत, पण कोडं नसलेली. जेवताना यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी सकाळी अल-मुइझ, ऊन उतरल्यावर सुलतान हसन करावं आणि किल्ल्यावरची मुहम्मद अली मशीद खुशाल वगळावी. ती दिसते इस्तंबूलसारखी, आणि तिच्या अंगणातलं घड्याळ फ्रान्सनं लक्सरच्या ओबेलिस्कची (उंच एकसंध दगडी स्तंभाची) परतभेट म्हणून दिलेलं. ओबेलिस्क पॅरिसच्या चौकात दिमाखात उभा आहे, घड्याळ मात्र वर्षानुवर्षं बंदच होतं.